रिकाम्या सीटचा बेल्ट

१

सकाळी साडेआठला सुखदाने गाडी काढायची आणि पुष्करने तिच्या डावीकडे बसायचं, हा नेम अडीच वर्षं चालला होता. द्वारकेतल्या सोसायटीपासून गुरुग्राम चाळीस मिनिटं, ट्रॅफिकची मर्जी फिरली तर तास. गाडी चालवायची हौस सुखदाची. पुष्करने दिल्लीच्या रस्त्यावर स्टिअरिंग धरलं की त्याच्या तळहातांना घाम फुटायचा, त्यामुळे तो सुखाने शेजारी बसायचा आणि ऑफिसातल्या लोकांच्या नकला करायचा. सुखदा हसायची. त्याला त्याच्या ऑफिसच्या कोपऱ्यावर सोडून ती पुढे जायची आणि संध्याकाळी त्याच कोपऱ्यावरून त्याला उचलायची.

घरी आल्यावर दोघांचे लॅपटॉप उघडायचे, ते झोपेपर्यंत. रविवार भाजी, कपडे आणि पुण्याच्या घरचे फोन यांतच संपायचा. म्हणजे संसार म्हणून जो काही होता तो येता-जाता त्या गाडीत. पुष्करला हे पक्कं ठाऊक होतं, आणि म्हणूनच त्या सीटवर दुसरं कुणी बसलेलं त्याला खपायचं नाही. एकदा सुखदाने समोरच्या टॉवरमधल्या साकेतला लिफ्ट दिली. साकेत तिच्याच ऑफिसात होता, पाय लांब म्हणून पुढे बसला, आणि पुष्कर मागे. सुखदा साकेतच्या एका विनोदाला खळखळून हसली. एका विनोदाला. पुष्कर त्यापुढे दोन दिवस फुगून होता.

माणूस वाईट नव्हता. आपलं म्हणून जे आहे त्याला कुणी हात लावला की त्याच्या पोटात दुखायचं, एवढंच.

२

गाडीची वॉरंटी दसऱ्याला संपली आणि दिवाळीनंतर गाडी बिघडली. पहिल्यांदा बॅटरी उतरली, ती नवीन घातली. मग बेसमेंटमध्ये उभ्या उभ्या हॉर्न वाजायला लागला, तो बंद केला तर कोरड्या काचेवर वायपर फिरायला लागले. सर्व्हिस सेंटरने उंदरांनी वायरिंग कुरतडलंय म्हणून अठरा हजार घेतले. पंधरा दिवसांनी दारांची लॉक आपोआप लागू-उघडू लागली, तेव्हा आतलं कसलंसं कंट्रोल युनिटच गेलंय म्हणून चौतीस हजार. आजार रेड्याला आणि औषध पखालीला, असा सगळा प्रकार. बिल भरून आणली तरी रोज सोसायटीच्या फाटकापाशी ती आपणहून एकदा हॉर्न द्यायची.

त्यातच ते बीप सुरू झालं. पुढच्या सीटवर बसलेल्याने बेल्ट लावला नाही की गाडी ओरडते, ते सगळ्यांना माहीत असतं. पण पुष्कर रविवारी एकटा भाजी आणायला निघाला, तर शेजारची सीट रिकामी, आणि तरी डॅशबोर्डवर तांबडा दिवा नि बीप, बीप, बीप. पिशवी ठेवली असेल म्हणून त्याने पाहिलं. पिशवी मागे होती. सीटवर साधी पावतीसुद्धा नव्हती.

सोसायटीतल्या कुणीतरी हरिदासजींचं नाव सांगितलं. सेक्टर सातच्या मार्केटमागे त्यांचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान होतं, साठी उलटलेली, चष्म्याला दोरी. त्यांनी सीटखालचा सेन्सर बदलला. बीप थांबलं नाही. मग त्यांनी स्कॅनर जोडला आणि बराच वेळ त्या छोट्या पडद्याकडे पाहत राहिले.

"साहब, सेंसर ठीक है। वज़न आ रहा है सीट पे।"

"कितना?"

"इकहत्तर किलो।"

पुष्कर हसला. "कोई बैठा तो नहीं है, आप देख रहे हैं ना?"

"मैं तो देख रहा हूँ," हरिदासजी म्हणाले. "गाड़ी नहीं मान रही।"

एकाहत्तर. सुखदा छप्पन्न किलोची. म्हणजे आकडा पुरुषाचा, असं पुष्करच्या मनात आलं आणि स्वतःच्याच विचाराची त्याला लाज वाटली. त्याचं स्वतःचं वजन त्याला ठाऊक नव्हतं; पोट सुटल्यापासून त्याने काट्यावर पाय ठेवला नव्हता.

हरिदासजींनी पैसे घेतले नाहीत. "बेल्ट लगा के छोड़ दीजिए। चुप हो जाएगी। आधी दिल्ली यही करती है।"

३

त्या रात्री जेवताना दोघांचं वाजलं. पुष्करचं म्हणणं, गाडी विकून टाकू. सुखदाचं म्हणणं, गाडी तिच्या बोनसची आहे आणि ती तिला आवडते.

"मला विचारशील तर तिला काही झालेलंच नाही," ती म्हणाली. "तू शेजारी बसून सारखा हे वाजलं, ते वाजलं करतोस ना, त्याने जास्त डोकं उठतं. मी एकटी असते तेव्हा कध्धी त्रास देत नाही ती."

हे पुष्करच्या वर्मी लागलं. "अच्छा! म्हणजे प्रॉब्लेम माझा आहे?"

"मी असं म्हणाले का?"

"बिल्कुल असंच म्हणालीस. मग जा ना एकटी. मी उद्यापासून मेट्रोने जातो."

"दोन तास लागतील, पुष्कर."

"लागू देत."

आणि खरंच लागणार होते. द्वारकेहून आधी पार राजीव चौकापर्यंत पूर्वेला, तिथून पिवळी लाइन धरून पुन्हा दक्षिणेला गुरुग्राम, पुढे रिक्षा. चाळीस मिनिटांच्या रस्त्यासाठी निव्वळ द्राविडी प्राणायाम. पण रुसलेल्या माणसाला नकाशा दाखवून उपयोग नसतो.

सकाळी तो सुखदाबरोबरच खाली बेसमेंटमध्ये उतरला. तिने गाडी सुरू केली. बीप, बीप. पुष्करने डावीकडचं दार उघडलं, रिकाम्या सीटवरून बेल्ट ओढला, खटकन अडकवला. आवाज बंद झाला.

"घे," तो म्हणाला. "हा बसलाय तुझ्या शेजारी. हा कटकट करत नाही, बिलं दाखवत नाही. याला घेऊन जात जा."

त्याने दार आपटलं आणि पाठीला बॅग लावून तो मेट्रोकडे चालू लागला. मागे गाडी रॅम्प चढून गेली. आज पहिल्यांदाच तिने फाटकापाशी हॉर्न दिला नाही.

४

गाडी सुधारली. अशी सुधारली की पुष्करला ते सहन होईना.

सकाळी साडेसातलाच निघून रोज रात्री नऊच्या सुमाराला घामट, चिरडलेला असा तो घरी यायचा आणि चपला काढता काढता विचारायचा, "गाडी? काही झालं?"

"नाही रे. मस्त चाललीये."

"लॉक?"

"नाही."

खरं सांगायचं तर त्याला गाडी बंद पडलेली हवी होती. एक्सप्रेसवेवर, भर ट्रॅफिकमध्ये, आणि सुखदाचा फोन यायला हवा होता, पुष्कर, ये ना. बावन्न हजार खाऊन जी ताळ्यावर आली नाही, ती आपण उतरल्याबरोबर शहाणी कशी झाली? एका यंत्राचा इतका मत्सर वाटावा याची त्याला गंमतही वाटायची आणि रागही यायचा. पत्र्याच्या त्या पांढऱ्या डब्याला तो अगदी पाण्यात पाहू लागला.

सुखदाही सुधारली होती. पहिला आठवडा ती घुम्यासारखी वावरली, पण दुसऱ्या सोमवारपासून ती स्वयंपाकघरात गुणगुणताना दिसू लागली. मधेच स्वतःशी हसायची. पुष्कर विचारायचा, काय झालं? ती म्हणायची, "काही नाही, सकाळचं आठवलं." सकाळचं काय, ते सांगायची नाही. जणू त्याला ठाऊकच असावं.

एका रात्री तो पावणेनऊला आला. पाठीला बॅग, तोंडाला प्रदूषणाचा मास्क. सुखदा ओट्यापाशी पाठमोरी होती. वळलीसुद्धा नाही.

"दूध आणायला इतका वेळ?"

टोमणा असेल, असं समजून त्याने मास्क काढला. आतल्या खोलीत जाताना त्याने पाहिलं तर बेसिनमध्ये चहाचे दोन कप होते. दोन्ही रिकामे. एकाच्या तळाशी साखर साचलेली होती, न ढवळता प्यायल्यासारखी. सुखदा साखर घेत नसे.

पुष्करच्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हा.

५

संशयाला एकदा घरात घेतलं की त्याला बसायला पाट लागत नाही. पुष्करने दोन दिवस सगळं जुळवून पाहिलं. सुखदाची गुणगुण. सकाळचं काहीतरी. दोन कप. आणि तो एकाहत्तर किलोचा आकडा, जो आता काही केल्या डोक्यातून जाईना. तो बिघडलेल्या सेन्सरचा आकडा आहे, हे त्याची बुद्धी त्याला पुन्हा पुन्हा सांगत होती. पण एकाहत्तर किलोचा माणूस कोण, हा प्रश्न बुद्धीच्या पाठीमागून येतच होता.

साकेत उंच होता, सडसडीत होता. एकाहत्तर त्याला शोभून दिसलं असतं.

शुक्रवारी जेवताना पुष्करने तोंडातला घास गिळला आणि शक्य तितक्या सहज विचारलं, "हल्ली गाडीत कुणी असतं का तुझ्याबरोबर?"

सुखदा त्याच्याकडे पाहून हसू लागली. "म्हणजे?"

"म्हणजे शेजारी. कुणी बसतं का?"

"काय चेष्टा आहे यार," ती म्हणाली. मग तिचं हसू जरा मावळलं. "तू ना, घरी आलास की असाच वागतोस. तोंड शिवल्यासारखा बसतोस, नाहीतर उलटतपासणी. गाडीत किती बरा असतोस."

तिने क्रियापद वर्तमानकाळातलं वापरलं, असं त्याच्या कानांना वाटलं. पण त्याचं लक्ष होतं साकेतवर. जुन्या दिवसांबद्दल बोलत असेल. विषय टाळतेय.

शनिवारी सकाळी त्याने बाल्कनीत जाऊन साकेतला फोन लावला. कसा आहेस, कुठे आहेस, अशी सुरुवात केली.

"अरे, मी नागपुरात," साकेत म्हणाला. "बाबांची बायपास झाली ना. दिवाळीपासून इथेच, घरून काम करतोय. सुखदाला माहितीये, तिनेच तर लीव्हचं बघितलं माझ्या. काय रे, काम होतं का काही?"

मागे कुणीतरी खास वऱ्हाडी हेल काढून भाजीवाल्याशी भांडत होतं. खोटं बोलत नव्हता. पुष्करने काही नाही म्हणून फोन ठेवला. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण सीट रिकामी झाली आणि तिथे बसवायला त्याच्याकडे कुणी उरलं नाही.

६

रविवारी सुखदा दुपारी झोपली तेव्हा तो किल्ली घेऊन बेसमेंटमध्ये गेला. शोधायला काय गेला होता ते त्यालाही सांगता आलं नसतं. केस, रुमाल, परक्या सेंटचा वास.

बेसमेंटमध्ये चिटपाखरू नव्हतं. वरच्या पाइपातून कुणाच्या तरी अंघोळीचं पाणी धावत होतं. त्याने डावीकडचं दार उघडलं.

सीट पुढे-मागे केलेली नव्हती. पाठ तेवढीच कललेली, पायाला जागा तेवढीच. परका बसला असता तर हललं असतं, असा विचार त्याने केला आणि त्याला बरं वाटलं. मग त्याचं लक्ष बेल्टकडे गेलं.

तीन आठवड्यांपूर्वी त्याने तो स्वतः अडकवला होता. आत स्प्रिंग असते. रिकाम्या सीटवरचा बेल्ट ताणून पाठीला चपटा चिकटलेला असतो. हा तसा नव्हता. खांद्यापासून तो पुढे निघाला होता, छातीच्या उंचीवर सीटपासून वीतभर दूर होता, आणि पोटापाशी त्याला बाक होता. कशावरून तरी वळून आल्यासारखा बाक. तो लोंबत नव्हता. ताठ होता.

स्प्रिंग अडकली असणार. गाडीत एवढं सगळं बिघडलं, त्यात आणखी एक. पुष्कर हेच स्वतःशी बोलत वाकला, बेल्ट आणि सीट यांच्यामधल्या त्या मोकळ्या जागेत त्याला हात घालवेना म्हणून त्याने खालून वळसा देऊन बटण दाबलं. बेल्ट सुटला आणि सर्रकन मागे जाऊन गाडीच्या खांबाला आपटला. स्प्रिंगला काहीही झालेलं नव्हतं.

त्याने तो पुन्हा लावला नाही. दार लोटून तो जिन्याने वर आला. लिफ्टची वाट पाहत तिथे उभं राहणं त्याला जमलं नसतं.

सोमवारी रात्री सुखदाने ताटं घेतली आणि वाढता वाढता म्हणाली, "आज सकाळी काय अंगात आलं होतं तुझ्या?"

"माझ्या?"

"बेल्ट लाव, बेल्ट लाव, तीनदा सांगितलं. नुसता समोर बघत बसला होतास. पार फाटकापर्यंत बीप बीप. मग लावलास."

पुष्करने हातातली पोळी ताटात ठेवली. त्या सकाळी साडेआठला तो राजीव चौकाच्या अलीकडे, एका बाईच्या सुटकेसला टेकून उभा होता. त्याला त्या सुटकेसचा रंगसुद्धा आठवत होता.

"सुखदा," तो म्हणाला, "मी मेट्रोने जातो."

"आठवडाभर गेलास. मग उतरला ना रुसवा? आलास ना परत, सॉरी म्हणालास." ती आमटी वाढत होती. "फार छान म्हणालास. त्यानंतर मी तो विषय काढला का कधी? तूही काढू नकोस."

पुष्करला आठवेना की आपण उभ्या आयुष्यात कधी तिला छान सॉरी म्हटलंय. त्याला एकदम साकेत हवासा वाटला. साकेत, दुसरा कुणी सहकारी, कुणीही चालला असता. ही खोटं बोलतेय, मोठ्या सफाईने कुणाला तरी लपवतेय, असं मानायला तो अगदी तयार होता. त्याने तिच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. तिथे लबाडी नव्हती, आणि त्याचा शेवटचा आधार गेला.

"उद्या मी येतो तुझ्याबरोबर," तो कसाबसा म्हणाला.

"रोज येतोसच की," सुखदा म्हणाली.

७

सकाळी तो सातलाच तयार होऊन बसला. तिला नजरेआड होऊ द्यायचं नाही, असं ठरवलं होतं. सव्वाआठला त्याच्या मॅनेजरचा फोन आला. पुष्कर बाल्कनीत गेला, दोन मिनिटं हो-हो, पाहतो-पाहतो केलं आणि आत आला. हॉलमध्ये कुणी नव्हतं. दाराशी सुखदाच्या चपला नव्हत्या. खुंटीवर किल्ली नव्हती. ती त्याला हाक मारल्याशिवाय कधी निघत नसे. म्हणजे हाक मारायची तिला गरज वाटली नव्हती.

जिन्याने तो खाली आला. पार्किंग रिकामं होतं, जमिनीवर टायरचा ओला माग होता. तो रॅम्पवरून धावत बाहेर पडला, फाटकातून डावीकडे वळला आणि पार्कमधून तिरका पळत सुटला. सोसायटीचा रस्ता वळसा घेऊन मोठ्या चौकात यायचा आणि तिथला सिग्नल दीडशे सेकंदांचा होता. अडीच वर्षं त्याने त्याच सिग्नलवर नकला केल्या होत्या.

धुरकटलेल्या हवेत त्याला धाप लागली. मॉर्निंग वॉकची माणसं बाजूला होऊन त्याच्याकडे पाहत होती. पार्कच्या दुसऱ्या फाटकातून तो फुटपाथवर आला तेव्हा सिग्नल तांबडा होता, खाली आकडे उतरत होते, एकाहत्तर, सत्तर, एकोणसत्तर, आणि तिसऱ्या रांगेत त्यांची पांढरी गाडी उभी होती. फुटपाथकडच्या काचेला उन्हासाठी लावलेली काळी जाळी होती. तिच्याआड काही आहे की नाही, ते कळत नव्हतं.

तो पुढे सरकला आणि समोरच्या काचेतून आत पाहिलं. सुखदा दिसली. ती डावीकडे मान वळवून हसत होती, डोळे मिटून, मान मागे टाकून, स्टिअरिंगवर हात आपटत. इतकी ती हल्ली कधी हसली होती ते पुष्करला आठवेना. शेजारच्या सीटवरचा सनव्हायझर खाली केलेला होता. त्याखाली फिकट निळ्या शर्टाचा थोडा भाग दिसत होता, आणि बेल्ट.

हाक बंद काचेतून आत गेली नसती. त्याने फोन काढला आणि तिला लावला. गाडीच्या पडद्यावर उजेड झाला. तिथे नाव येतं, त्याचं नाव. रिंग त्याच्या कानात वाजत होती. सुखदाने पडद्याकडे पाहिलं. तिचं हसू थांबलं, भुवया जवळ आल्या, आणि तिने शेजारी पाहिलं. तिच्या ओठांवरून पुष्करला शब्द वाचता आले. "अरे, हे काय? तुझाच फोन?"

घे, तो मनात म्हणत होता. घे ना, सुखदा. एकदा घे.

सनव्हायझरखालून एक हात पुढे आला. सावकाश, घरच्या माणसाचा येतो तसा. आपला हात माणूस जन्मभर पाहत असतो. तो ओळखायला कसली खूण लागत नाही. त्या हाताने पडद्यावर एक बोट टेकवलं, आणि पुष्करच्या कानातली रिंग बंद झाली. मग तिकडून काहीतरी बोलणं झालं असावं, कारण सुखदाच्या भुवया सुटल्या आणि ती पुन्हा हसली, मघापेक्षाही जास्त.

भीती त्याला नंतर वाटली. आधी वाटला तो हेवा, सगळं अंग जाळत गेलेला. काय बोलला असेल तो? असं काय बोलता येतं तिच्याशी, जे आपल्याला कधी सुचलं नाही?

सिग्नल हिरवा झाला. सुखदा पुष्करला घेऊन ऑफिसला निघून गेली.